चोवीस वर्षांची घोडी, किंमत शून्य

...मी म्हणतो, त्या गेमवाल्यांना बटण काळंच करायची काय गरज होती? पांढरं करा, हिरवं करा, त्यावर 'निवृत्ती' लिहा... पण नाही! आणि आता सगळे मलाच हसतात. दुकानातले हसतात, घरात आमची बायको एमेशे तर भांडी घासता घासता मधेच थांबून हसते. हसा. तुम्हीही हसून घ्या. पण तुम्हाला सांगतो, माझ्या जागी तुम्ही असता ना, तर तुमचीही गाळण उडाली असती. घाबरू नको तर काय करू?

मी कोर्नेल. सोल्नोकला चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, बावीस वर्षं झाली. पण गेममध्ये मला सगळे 'मास्तर' म्हणतात. कॉम्प्युटरवर घोडे पाळायचा खेळ आहे तो. घोडी घ्यायची, चांगला घोडा बघून जमवायचं, शिंगरू झालं की त्याचा वेग, उडी, दम बघायचा आणि बाजारात मांडायचं. कितीला मांडायचं? तिथंच लोक आपटतात! कारण आई कोण, आजी कोण, पणजीच्या अंगात कुठला रंग लपलाय हे वाचता आलं पाहिजे, आणि ते माझ्यासारखं अख्ख्या हंगेरीत कुणाला जमत नाही... हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. मी किमतीचा तक्ता लावला की दुसऱ्या दिवशी बाजार हलतो. एकशेचाळीस घोडे आहेत माझे! आणि खरा घोडा... आता लपवायचं कशाला, खऱ्या घोड्याच्या पन्नास पावलांत मी जात नाही. सहा वर्षांचा असताना कोळसेवाल्याच्या घोडीनं माझी टोपी खाल्ली होती. टोपीत माझं डोकं होतं. घाबरू नको तर काय करू?

तर त्या खेळात माझं एक पान आहे, 'किंमत विचारा, मास्तर सांगतील.' दिवसाला चाळीस-चाळीस प्रश्न येतात, मी जेवणाच्या सुट्टीत एका हातात चमचा धरून दुसऱ्या हातानं उत्तरं देतो. त्यात एक प्रश्न आला, पिरोश्का नावाच्या बाईंचा. 'घोडी मार्गित, वय चोवीस, रंग तांबूस, नऊ शिंगरं झाली, डावा डोळा अधू. काय किंमत यावी?' खाली गाव, गल्ली, घर नंबर, सगळा पत्ता, कागदावरच्या पत्रात लिहितात तसा.

डावा डोळा अधू! अहो, खेळात घोड्याला अधू डोळा नसतोच! तसा रकानाच नाही! आणि आमच्या दुकानात दिवसभर काय चाललेलं असतं? 'खालची ओळ वाचा, खालची ओळ वाचा...' आणि खालची ओळ मीच वाचली नाही. सूप गार होत होतं. मी ठोकून दिलं, 'वीसच्या वर घोडीला शिंगरू होत नाही. किंमत शून्य, नुसती बसून खाते. फाटकावर पाटी लावा, पहिला आत येईल त्याला देऊन टाका. कुणी नाहीच आलं तर शुक्रवारी काळं बटण दाबा.' काळं बटण म्हणजे खेळात म्हातारा घोडा निवृत्त होऊन यादीतून जातो; आणि शुक्रवार का, तर शुक्रवारी चाऱ्याचा खर्च कापतात. वर एक हसरं तोंड काढलं आणि सूप प्यायलो.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बघतो तर सकाळीच आलेलं उत्तर. 'आदरणीय मास्तर, आभारी आहे. पाटी लावली. पण आमच्या मार्गितला बटण नाही. मी आणि शेजारच्या देझोनं सगळीकडे बघितलं. देझो म्हणतो, मास्तरांना सॉसेजवाला म्हणायचं असेल, म्हातारी घोडी कापायला नेतो तो. सॉसेजवाला उद्या दुपारी गाडी घेऊन येतोय. जीव तुटतो हो, पण तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं सांगितलं म्हणून...'

जाणत्या माणसानं! अहो, माझ्या हातातला चमचाच पडला. खरी घोडी! चार पायांची, नऊ पोरांची आई, आणि तिला सॉसेजच्या गाडीत चढवणारा कोण, तर मी! मी लिहिलं, थांबा. परत लिहिलं, थांबा. सात वेळा लिहिलं. उत्तर नाही. नंतर कळलं, बाई गावच्या वाचनालयातून लिहायच्या आणि वाचनालय बारालाच बंद होतं. फोन नंबर नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी मालकाकडे सुट्टी मागितली, म्हटलं घोडी जातेय. मालक म्हणाला, कुणाची? म्हटलं, ओळखीची.

बसमध्ये बसलो आणि लक्षात आलं की मी दोन्हीकडून मेलोय. उशिरा पोचलो तर मार्गित गेलेली असणार... आणि वेळेवर पोचलो तर मार्गित तिथं असणार! समोर! दातांसकट! घाबरू नको तर काय करू? प्रत्येक थांब्याला वाटायचं उतरावं, आणि प्रत्येक थांब्याला ड्रायव्हरवर चिडायचो की बाबा थांबतोस कशाला, चल ना.

गल्लीत शिरलो तर दुसऱ्या टोकानं एक निळी गाडी आत वळत होती. फाटकावर पाटी, 'घोडी. शून्य. पहिल्याला.' मी फाटक ढकललं आणि आत धावलो. अंगणात पंचाहत्तरीच्या पिरोश्काआजी, एप्रन बांधलेल्या, डोळे सुजलेले. मी एका दमात सगळं सांगितलं, खेळ, तक्ता, बटण, सूप, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्याकडे घोडे नाहीत?"

"आहेत ना, एकशेचाळीस."

"कुठं?"

"...कॉम्प्युटरात."

त्यांनी एप्रनच्या टोकानं डोळे पुसले आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. मग म्हणाल्या, सोमवारी त्या बुदापेश्टला लेकीकडे निघाल्यात, गुडघे गेलेत, लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि मार्गितला जिना चढता येत नाही. चार दिवस पाटी लावलीय, कुत्रंसुद्धा आत आलं नाही. देझो दोरासकट घोडी घेऊन आला. सॉसेजवाला फाटकात येऊन विचारतो, चढवू का?

"थांब रे," आजी त्याला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मास्तर, फाटक कुणी उघडलं?"

"मी... पण मी ते..."

"मग धरा दोर."

आता खरं सांगतो, मी पळणार होतो. पण पायच हलेनात. लोकांना ते धैर्य वाटलं! आणि तेवढ्यात ती आली. केवढी ती! अधू डोळ्याच्या बाजूनं आली, चाचपडत, तिला मी नीट दिसलोही नसणार, आणि तिनं आपली हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवून दिली. गरम श्वास मानेवर. मी डोळे मिटले. टोपी आठवली, कोळसेवाला आठवला, आमची एमेशे आठवली. आणि कुणीतरी म्हणालं, "घेतो." बघतो तर मीच.

सॉसेजवाला गेला. आजी मात्र मार्गितच्या मानेत तोंड खुपसून इतक्या रडल्या की मला दोर सोडताही येईना.

आता ती देझोच्या तबेल्यात असते. चारा तो घालतो, पण दर शनिवारी खरारा मालकानंच करायचा, ही त्याची अट. वर म्हणतो, अधू डोळ्याच्या बाजूनं जाताना बोलत बोलत जायचं, नाहीतर ती दचकते. ती दचकते! मी काय बोलणार घोडीशी? मी तिला किमतीचा तक्ता म्हणून दाखवतो. वीसच्या वरच्या ओळी गाळतो. आणि तिनं मान हलवली की मी दारात असतो. घाबरू नको तर काय करू?

आणि गेल्या आठवड्यात देझोचा फोन, मार्गितनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. माझ्या हातातली काच फुटली, गिऱ्हाइकाची होती. धावत बस पकडली, जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं पोट तपासलं, तोंडात कोपरापर्यंत हात घातला, माझाच जीव गेला, आणि म्हणाला, काही नाही, एक दात टोचतोय, घासून देतो. मी विचारलं, डॉक्टर, अजून किती वर्षं आहे हिला?

"पाच तरी," तो म्हणाला. "नीट सांभाळलीत तर दहासुद्धा काढेल."

पाच म्हणाला तेव्हा मी ओरडलोच. एवढीच? आणि दहा म्हणाला तेव्हा दोन पावलं दाराकडे सरकलो. दहा वर्षं... दर शनिवारी... ते दात! डॉक्टर पेन काढून उभा, त्याला औषधांचा कागद लिहायचा होता, आणि मी आपला घाम पुसतोय.

शेवटी म्हटलं, "डॉक्टर... दहाच धरा."