जग संपेपर्यंत वापरा

नवरा : आधी पाणी दे. मग काय ओरडायचं ते ओरड.

बायको : पाणी कुठून देऊ? नळाला हात लावू नका म्हणून प्लंबरनं बजावलंय. गच्चीवरच्या टाकीत कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे बिचारा. तुमच्या मंडळाच्या किल्ल्या काढतोय.

नवरा : सापडल्या?

बायको : सापडल्या की, बादलीभर. आता कुठली कुणाची ते ठरायचंय. तोवर अख्खं मंडळ आपल्या जिन्यात बसलंय. पांढरे कपडे, मान खाली, कुणी बोलत नाही. दूधवाल्याला वाटलं इमारतीत कुणीतरी गेलं. चपला काढून हात जोडले त्यानं, आणि मला म्हणाला, फार वय होतं का हो?

नवरा : मंडळाच्या थोरल्यांची आज्ञा होती. परतीचा विचार मनात उरायला नको, म्हणून घराच्या किल्ल्या टाकीत टाकायच्या.

बायको : आणि तुमची?

नवरा : मीही टाकली.

बायको : मी गच्चीवर आले नाही म्हणून आपलं दार उघडं आहे, एवढं ध्यानात ठेवा. बरं, थोरले कुठायत?

नवरा : लिफ्टच्या खोलीत. आतून कडी लावून बसलेत. काल सूर्य मावळला तेव्हा आम्ही सगळे डोळे मिटून उभे होतो. म्हटलं, आता जाईल जग, मग जाईल. काहीच होईना. मग कुणीतरी शिंकलं. मी एक डोळा उघडला, तर समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत खुर्च्या टाकून आमच्याकडे बघत बसलेले. एकानं मला हात केला.

बायको : तुम्ही?

नवरा : मीही केला. काय करणार? वळून बघतो तर थोरले गायब.

बायको : बरं झालं. आता माझं ऐका. परवापासून मी गप्प आहे. म्हटलं, कालचं होऊन जाऊ दे यांचं. माझं शिलाईचं मशीन कुठाय?

नवरा : वरच्या ताईंकडे.

बायको : ते मला माहितीय. मी बटणं आणायला गेले, आले तर मशीनच्या जागी फरशीवर नुसते चार डाग. का दिलंत?

नवरा : सगळ्यांनीच काही ना काही दिलं. कुणी फ्रिज दिला, कुणी गाद्या दिल्या. मला द्यायला माझं असं काही सापडेना.

बायको : म्हणून माझं दिलंत! अहो, हे कोट बघा. बँडवाल्यांचे आहेत. आज संध्याकाळी घालून वाजवायचंय त्यांना. आणि एकूण एक कोटाला एकच बाही. दुसरी लावायला बसले तर तुम्ही म्हणालात, राहू दे गं, कोण घालणार?

नवरा : ढोलवाल्याला एका बाहीनं चालून जाईल. हात मोकळा राहतो.

बायको : हसू नका. तुमची नोकरी जग संपायच्या दुसऱ्या तारखेच्या पायी गेली. तेव्हापासून हे घर त्या मशीनवर चाललंय. आज कोट गेले नाहीत तर बँडमास्तर कोपऱ्यावरच्या टेलरकडे जाईल, आणि कोपऱ्यावर गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. कोट घाला हा, दुसरी बाही टाचून बघते. मशीन येईपर्यंत तेवढं तरी होईल.

नवरा : ऐक ना. मी एक ठरवलंय.

बायको : हात वर करा. काय ठरवलंय?

नवरा : जाऊन सांगणार आहे सगळ्यांना. चुकलं म्हणून.

बायको : कुणाचं चुकलं?

नवरा : आपलं. मंडळाचं. पहिली तारीख गेली तेव्हा आम्ही म्हणालो, मोजणी चुकली. दुसरी गेली तेव्हा म्हणालो, आमच्या प्रार्थनेनं टळलं. दोन्ही वेळा कर्ण्यावरून मीच पुकारलं होतं. आता तिसऱ्यांदा काय पुकारू? जग आहे तसं आहे, घरी जा, एवढंच सांगतो. आणि कर्णा ठेवून येतो खाली.

बायको : खरंच?

नवरा : खरंच. काल त्या माणसानं हात केला ना, तेव्हाच सुटलं माझं हे वेड.

बायको : नऊ वर्षं वाट बघतेय मी या वाक्याची. थांबा, टाचणी टोचेल. डोळ्यांत पाणी आलं की दिसत नाही मला.

शेजारीण : वहिनी, आहात ना? म्हटलं जग आहे, तर तुम्हीही असाल!

बायको : या ताई. जिन्यातून वाट मिळाली का?

शेजारीण : कसली वाट? तिघांच्या डोक्यावरून पाय टाकून आले. एकजण मला विचारतोय, ताई, तुमच्याकडे कुणाच्या गाद्या आल्यात का? मी म्हटलं, मला काय ठाऊक! उशीरच झाला आज मला. ह्यांनी चहा केला होता, तो पीत बसले. अगबाई, भाऊजी, एका बाहीत छान दिसताय!

बायको : बरं झालं आलात. मी येणारच होते मशीन न्यायला.

शेजारीण : मशीन? मी तर स्टूल न्यायला आलेय. मशीनबरोबरचं स्टूल इथेच राहिलं ना.

बायको : ताई, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही. करताय काय मशीनचं?

शेजारीण : टीव्ही ठेवलाय त्यावर. अगदी मापात बसला. आणि बघता बघता खाली पाय हलवत बसता येतं. गुडघ्याला आराम पडतो.

बायको : माझ्या पोटावर पाय आणून तुमच्या गुडघ्याला आराम! द्या परत.

शेजारीण : हे बघा, मी मागितलं नव्हतं. भाऊजी स्वतः घेऊन आले, धापा टाकत. मी तीनदा विचारलं, नक्की ना? तर म्हणाले, जग संपेपर्यंत वापरा. आमच्या सासूबाई होत्या साक्षीला. बोला भाऊजी, म्हणालात की नाही?

नवरा : म्हणालो.

शेजारीण : झालं तर मग! संपलं का जग? ही बस चालली खालून. तो समोरचा माणूस आरशासमोर भांग पाडतोय. जग संपल्यावर कुणी भांग पाडेल का? जेव्हा संपेल तेव्हा मी स्वतः आणून देईन मशीन. शब्दाची पक्की आहे मी.

बायको : संपलंय.

शेजारीण : काय?

बायको : काल संपलं. सूर्य मावळताना. अहो, सांगा ना ताईंना.

नवरा : मी?

बायको : मग कोण? मंडळाचे पुकारे तुम्ही. संपलं की नाही काल जग?

नवरा : नाही संपलं.

बायको : अहो!

नवरा : खोटं कसं सांगू? आत्ताच तर तुला म्हणालो.

बायको : नऊ वर्षं, नऊ वर्षं मला रोज उठून सांगितलंत, संपणार, संपणार. आणि आज मला गरज आहे, तर आजच तुम्हाला खरं बोलायची हौस आली?

शेजारीण : बघा, भाऊजीच म्हणतायत. स्टूल कुठाय?

बायको : थांबा ताई. आत येताना काय म्हणालात? चहा कुणी केला?

शेजारीण : ह्यांनी.

बायको : तुमच्या यांनी? याआधी कधी केला होता?

शेजारीण : छे! गॅस कुठल्या बाजूला वळवायचा ते ठाऊक नाही त्यांना. लग्नापासून पहिल्यांदाच. आणि कप विसळून ठेवला. मी म्हटलं, बरं वाटत नाही का तुम्हाला? तर म्हणाले, तू बस गं, दमतेस.

बायको : असं म्हणाले?

शेजारीण : अस्संच. काल दिवसभर तुमच्या लोकांना हसत होते. पण सूर्य खाली जायला लागला तशी बोलती बंद. माझा हात धरून बसले. सासूबाईंनी बघितलं तरी सोडला नाही.

बायको : आणि तुम्हाला वाटतं, हा तोच माणूस?

शेजारीण : म्हणजे?

बायको : जुनं जग काल गेलं, ताई. सगळंच्या सगळं. हे नवीन आहे. रस्ता तोच, बस तीच, भांगसुद्धा त्याच बाजूला. ओळखीचं ठेवलंय, नाहीतर माणसं घाबरतील. पण आतून नवीन. तुमच्या घरातला जुना माणूस करेल का चहा?

शेजारीण : नाही करणार, हे मात्र खरं.

बायको : आता तुम्ही म्हणत असाल, जग संपलंच नाही, तर माझं काही म्हणणं नाही. मशीन ठेवा. मग ते आपले जुनेच. घाबरून एक दिवस चहा केला, उद्या परत पेपर तोंडासमोर धरून, चहा कुठाय?

शेजारीण : असं नका बोलू हो.

बायको : मी कुठे बोलतेय? तुमचं तुम्ही ठरवा. जुनं जग आणि मशीन, की नवीन जग आणि ते.

शेजारीण : सासूबाईही नवीन का मग?

बायको : सगळे नवीन.

शेजारीण : तरी म्हटलं सकाळपासून टोमणा कसा नाही! मी मशीन पाठवते. जिन्यातल्या दोघांना लावते उचलायला, नाहीतरी बसलेतच. टीव्ही खाली जमिनीवर ठेवीन, काय बिघडतं! दार उघडंच ठेवा.

नवरा : दार मघापासून उघडंच आहे.

बायको : मग असू दे. मशीन आत यायला बरं. हात खाली करा आता. मिळालं की नाही?

नवरा : तू काय बोललीस ते कळतंय का तुला?

बायको : मशीन सोडवलं.

नवरा : अगं, जिना ऐकत होता. आधी कुजबुज होती, आता बघ, चिडीचूप. मी ओळखतो त्यांना. माणसं हताश होऊन बसली होती. घरी गेली असती, दोन दिवस तोंड लपवलं असतं, मग कामाला लागली असती.

बायको : इतकं काही नसतं हो. शेजारणीला गुंडाळायला बोलले मी. मोठी माणसं आहेत ती, त्यांना समजत नाही का?

नवरा : किल्ल्या टाकीत टाकणारी माणसं आहेत ती.

(जिन्यातून आधी एकाचं, मग सगळ्यांचं गाणं. लोखंडी काही फरशीवर ठेवल्याचा आवाज.)

शेजारीण : सरका, सरका, दाराला लागेल! घ्या वहिनी. वरून इथवर यायला एवढा वेळ का लागला विचारा. एकेका पायरीवर थांबवतायत. सगळे मशीनच्या पाया पडतायत. नव्या जगात परत आलेली पहिली वस्तू म्हणे! चाकावर फुलं ठेवली कुणीतरी.

बायको : काढा ती आधी. पट्ट्यात अडकतील.

शेजारीण : आणि थोरले बाहेर आले! कडी काढून स्वतः आले. म्हणाले, मी हेच सांगणार होतो, तुम्ही कुणी विचारलंच नाही. रडले हो सगळे. तो प्लंबरही पाण्यात उभा राहून रडला.

नवरा : किल्ल्या दिल्या का त्यानं?

शेजारीण : किल्ल्या परत टाकीत. थोरले म्हणाले, जुन्या जगाच्या किल्ल्या नव्या कुलपांना कशा लागतील?

बायको : अहो देवा! मग पाणी कधी येणार?

शेजारीण : ते नाही विचारलं. भाऊजी, तुम्हाला बोलावलंय. कर्णा तयार आहे. आधी तुम्ही पुकारायचं आणि मग वहिनींनी दोन शब्द बोलायचे. नवं जग वहिनींना सगळ्यात आधी दिसलं म्हणून त्यांना वरच्या पायरीवर बसवायचं म्हणतायत.

बायको : मला कोट शिवायचेत. सांगा त्यांना.

शेजारीण : सांगते. पण भाऊजी, हा कोट काढू नका बरं का. दारातून बघितलं त्यांनी तुम्हाला. जिन्यात दोघांनी आपापल्या सदऱ्याची डावी बाही उसवलीसुद्धा. आमच्या ह्यांनाही विचारते, घालतील का. आज नाही म्हणणार नाहीत ते. लवकर या, मी जागा धरते.

बायको : गेली. अहो, तुम्ही आपलं ठरवलंत तेच सांगा. चुकलं म्हणा, आणि या खाली.

नवरा : आता? आता कोण ऐकेल? म्हणतील, हा अजून जुन्या जगातला आहे. आणि मग तुला काय सांगू? संपलं नाही म्हटलं, की ताई मशीन घेऊन जाणार. शब्दाची पक्की आहे ती.

बायको : दोन तासांचं काम आहे. संध्याकाळपर्यंत काही बोलू नका. कोट जाऊ देत. मग सांगा उद्या.

नवरा : उद्या.

बायको : बँडमास्तरच्या पुढच्या ऑर्डरपर्यंत फार तर.

नवरा : ऐकू येतंय का? माझं नाव घेऊन हाका मारतायत.

बायको : येतंय.

नवरा : मला खरंच वाटलं होतं गं, या खेपेला संपलं सगळं.

बायको : संपलं होतं की. मघाशी पाणी मागत आत आलात ना, तेव्हा संपलं होतं.