चार बोटं साल

राजेसाब : हात नका लावू सर, चिखल हाय. नुसतं वाकून बघा. ही वरची रेघ, ही खालची. मधली साल गायब.

सर : बुरशी असेल. आंब्याच्या बुंध्याशी पाणी साचलं की साल सुटते.

राजेसाब : बुरशीनं सुटलेली साल कुरतडल्यागत दिसती. ही चाकूनं काढलीय. चार बोटं रुंद, खोडाभोवती जवळजवळ गोल. अन् वरनं माती टाकून, विटा लावून बुजवलंय. काल आळं मोकळं करायला विटा हलवल्या तेव्हा घावलं मला. न्हाईतर मी खतपाणी घालत बसलो असतो की वर्षभर!

सर : अंगणातलं झाड आहे राजेसाब. इथं कोण येणार साल काढायला?

राजेसाब : तेच तर डोक्यात शिरंना. कुणीतरी जाणकार माणूस हाय. साल काढली की पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत जात न्हाई, मुळं उपाशी मरतात. झाड वरनं उभं, आतनं खलास. हे तुम्हीच शिकवलेलं. नववी ब, मी शेवटच्या बाकावर. सगळ्या शाळेतलं तेवढं एकच माझ्या टाळक्यात बसलं, अन् त्याच्यावरच आज लोकांची झाडं सांभाळून पोट भरायलोय.

सर : तू आधी चहा घे. यशोदा देवळात गेली आहे, मी टाकतो.

राजेसाब : चहा राहू द्या. मला सांगा, यंदा मोहोर कसा होता?

सर : चांगला होता.

राजेसाब : चांगला? पान दिसत नव्हतं! अख्खी कॉलनी फोटो काढायला आलेली. तुम्ही म्हणालात, राजेसाबच्या हाताचा गुण. मी बी फुगलो की बेडकासारखा. अन् तो मोहोर कशाचा? साल काढलेलं झाड जिवाच्या भीतीनं फुलतं. म्हणजे मोहोराच्या आधीच सोललेलं हाय हे. दिवाळीच्या आसपास. बरोबर?

सर : असेल.

राजेसाब : अन् माझ्या हाताखालच्या मल्लव्वानं मोहोरावर औषध मारलं संक्रांतीनंतर. मग सर, दिवाळीत मेलेल्या झाडाला संक्रांतीला तिनं कसं मारलं?

सर : मी तेव्हा फक्त एक शक्यता बोलून दाखवली होती.

राजेसाब : शक्यता? मोबाइल काढू? पाठ हाय मला. "माळीकाम करणाऱ्या मल्लव्वा यांनी तणनाशकाचा पंप न धुता फवारणी केल्यामुळे आमचा बावीस वर्षांचा आंबा जळाला. सर्वांनी सावध राहावे." कॉलनीच्या ग्रुपवर, दोनशे माणसांत. ती बाई माझ्या पाया पडायची बाकी राहिली होती, पंप धुतलाय म्हणून. मी ऐकलं न्हाई. का ऐकलं न्हाई? तर वेणीमाधव सर म्हणायलेत! सहा बंगल्यांची कामं होती तिची, सगळी गेली. महिना झाला, ती बाजारात चिंच फोडायलीय.

सर : हळू बोल जरा.

राजेसाब : हळू कशाला? ज्यानं केलंय त्यानं हळू बोलावं की. अन् मला म्हाईत हाय कुणी केलंय. हे शेजारचे, गुरुलिंग अण्णा.

सर : मी कुणाचं नाव घेणार नाही.

राजेसाब : मी घेतो मग. त्यांनी न विचारता कडुलिंब छाटला म्हणून तुम्ही वृक्ष समितीच्या बैठकीत त्यांना सगळ्यांदेखत झापलं. म्हातारा डूख धरून बसला. त्यांच्या गच्चीवरनं उतरलं की थेट ह्या बुंध्याशी.

सर : पुराव्याशिवाय बोलू नये.

राजेसाब : न्हाई असं पण तुम्ही म्हणत न्हाई. म्हणजे तुमच्या बी मनात हाय. बसा तुम्ही, मी विचारून येतो त्यांना.

सर : राजेसाब.

राजेसाब : दोन मिनिटं सर. आज सोडत न्हाई.

सर : राजेसाब, फाटक उघडू नकोस. गुरुलिंग यांनी नाही केलेलं.

राजेसाब : तुम्हाला काय म्हाईत?

सर : माहीत आहे मला. तू आत ये. इथं रस्त्यावर ऐकू जातं.

राजेसाब : हितंच सांगा. कोण?

सर : चाकू घरातला आहे.

राजेसाब : तौबा! काकूंनी?

सर : वेड लागलंय का तुला! तिला तर अजून ठाऊकही नाही. मी काढली. मी, राजेसाब.

राजेसाब : सर, चेष्टा करायची ही वेळ हाय का?

सर : वसुबारसेच्या दिवशी. यशोदा बहिणीकडे गेली होती. दुपारी माती उकरली, दोन रेघा मारल्या, मधली साल काढली. माती ओढली, विटा लावल्या. तू विचारलंस, या विटा कशाला, तेव्हा मी म्हणालो, शोभेला.

राजेसाब : थांबा जरा. बसू द्या मला पायरीवर.

सर : काहीतरी बोल.

राजेसाब : काय बोलू? तुमच्यासमोर मला उभं राहता येत नव्हतं शाळेत. आज तुम्ही उभे, मी बसलोय, अन् तरी तुमच्याकडं बघवंना. कशापायी केलंत?

सर : मुलगा पुण्याहून कायमचा येतोय, हृषीकेश. गाडी आहे त्याची. ती लावायची तर ही एवढीच जागा.

राजेसाब : त्यानं सांगितलं झाड मारा म्हणून?

सर : नाही. त्याच्यावर नको ढकलायला. त्यानं नुसतं विचारलं, गाडी कुठे लावू. मी महापालिकेकडे तोडण्याच्या परवानगीचा अर्ज केला, तर उत्तर आलं, झाड निरोगी आहे, वाळलेलं असतं तर विचार केला असता. आणि मी समितीचा अध्यक्ष. दहा जणांना फांदी तोडू दिली नाही. आता स्वतःचं झाड कोणत्या तोंडानं तोडणार? म्हटलं, आपोआप वाळलं तर कुणी काही म्हणणार नाही.

राजेसाब : आपोआप! अन् मग मला औषधाला कशाला बोलावत राहिलात?

सर : बोलावलं नसतं तर लोक म्हणाले असते, सरांनी झाडाकडे लक्ष दिलं नाही.

राजेसाब : वा सर. म्हणजे मी दर पंधरा दिवसांनी येऊन तुमच्या नाटकात काम करत होतो. अन् मल्लव्वा? तिनं काय घोडं मारलं होतं तुमचं?

सर : काही नाही. पानं पिवळी पडायला लागली, लोक विचारायला लागले. गुरुलिंगच फाटकात उभे होते, म्हणाले, सर, आंब्याला झालं काय? तेवढ्यात ती पाठीवर पंप घेऊन रस्त्यानं चालली होती. तोंडातून निघून गेलं. एकदा बोललो, मग बोललेलं खरं करायला लिहिलंही.

राजेसाब : रस्त्यानं चालली होती म्हणून.

सर : हो. दुसरं कुणी चाललं असतं तर त्याचं नाव घेतलं असतं. लाज वाटते रे मला. घरात यशोदा त्या झाडाखाली दिवा लावते, आणि मला जेवण जात नाही.

राजेसाब : लाज मला बी वाटायलीय. अकरा वर्षं माझ्यासंगं काम केलं तिनं, अन् मी एका शब्दावर काढली. जाऊ द्या, माझं मी बघतो. हे बघा, भिंतीच्या अंगाला दोन बोटं साल शिल्लक हाय. त्याच्यावरच तगलंय हे. तिथं तुमचा हात पोचला न्हाई का?

सर : पोचत होता.

राजेसाब : मग? दया आली?

सर : नाही. खोटं कशाला सांगू? पोस्टमननं हाक मारली. घाईघाईनं माती ओढली आणि उठलो. नंतर वाटलं, एवढं पुरे.

राजेसाब : तेवढ्या दोन बोटांवर काम होईल अजून. ह्याच झाडाच्या कोवळ्या काड्या घ्यायच्या. एक टोक खालच्या सालीत, एक टोक वरच्या सालीत, मधे पूल. आठ-दहा पूल बांधले, त्यातले निम्मे जगले तरी झाड जगतं. पण माझ्या हातानं न्हाई होणार. ह्याला कलमं बांधणारा हात लागतो.

सर : कुणाला बोलवायचं? मी सांगतो फोन करून.

राजेसाब : बोलावलंय मी. मंद्रूपच्या रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधायची ती, माझ्याकडं यायच्या आधी. कोपऱ्यावर टेंपोत बसलीय. आत येत न्हाई म्हणती. सरांनी बोलावलं तर येईन, म्हणती.

सर : मल्लव्वा?

राजेसाब : तिला अजून काय म्हाईत न्हाई. मी सांगणार बी न्हाई. जावा, बोलवा.

(सर फाटकाशी जाऊन हाक मारतात. कडी वाजते. मल्लव्वा अंगणात येते, पायरीच्या खालीच थांबते.)

सर : बस मल्लव्वा. खुर्ची घे.

मल्लव्वा : नगं सर. हितंच बरं हाय. राजेसाब म्हनले कलम बांदायचं हाय. जगलंय व्हय झाड? लई बरं झालं.

सर : त्याआधी जरा बोलायचं होतं. त्या फवारणीच्या बाबतीत थोडा गैरसमज झाला होता.

मल्लव्वा : कुनाचा?

सर : म्हणजे, सगळ्यांचाच.

राजेसाब : सर.

सर : नाही. गैरसमज नव्हता. कुणाचाच नव्हता. मल्लव्वा, झाडाची साल मी सोलली. झाड वाळावं म्हणून. तू औषध मारण्याच्या दोन-अडीच महिने आधी. मला ठाऊक असूनही मी तुझं नाव सांगितलं.

मल्लव्वा : तुमी?

सर : मी.

मल्लव्वा : म्हंजी पंपाचं काय नव्हतं?

सर : काहीच नव्हतं.

मल्लव्वा : यव्वा! आन् मी महिनाभर त्योच पंप धुतीया. चिंच फोडताना बी डोक्यात त्योच. सोडा टाकून धुतला, मग नुसत्या पान्यानं धुतला, नळी काडून धुतली. रोज आटवायची. मग वाटाय लागलं, नळी धुतली का न्हाय? सर येवढं शिकल्यालं मानूस, खोटं कशाला बोलंल? आपुनच इसरलो आसू. सर, ह्या झाडासाटनं सिद्धरामेश्वराला सोमवार धरल्यात मी. माज्या हातनं पाप झालं म्हनून.

सर : मल्लव्वा, मी काय बोलू? माझं तोंड...

मल्लव्वा : बोलू नगा. ऊन चडायलंय, आदी झाड बगू. सरका राजेसाब. यव्वा, किती नीट काडलंय हो! आमच्या रोपवाटिकेत बी येवढी साफ साल कुनाला काडता येत नव्हती.

राजेसाब : मल्लव्वा, माझं बी चुकलं. मी तुला विचारायला पायजे होतं.

मल्लव्वा : विचारलं हुतं की तुमी. आयकलं न्हाय. काड्या काडा आता, करंगळीयेवड्या. कवळ्या नगं, पिकल्या बी नगं.

सर : मी ग्रुपवर लिहितो, मल्लव्वा. आत्ता, इथंच. ऐक. "सर्व सभासदांस नम्र निवेदन. आमच्या आम्रवृक्षाच्या संदर्भात पूर्वी दिलेली माहिती वस्तुस्थितीला धरून नव्हती. मल्लव्वा यांचा त्यात दोष नसल्याचे निष्पन्न झाले असून..."

मल्लव्वा : मला कळंना ह्यातलं काय.

राजेसाब : कुणालाच कळणार न्हाई. त्यासाठीच लिहिलंय ते.

सर : काय लिहू मग?

मल्लव्वा : साल कुनी काडली, त्ये लिवा. आन् मल्लव्वानं पंप धुतला हुता, आसं लिवा.

सर : दोष नाही म्हटलं की ते त्यात आलंच.

मल्लव्वा : आलं आसंल. तरी लिवा.

सर : लिहिलं. फक्त यशोदा येऊ दे देवळातून. तिला आधी सांगतो, मग पाठवतो. तिला लोकांकडून कळायला नको.

मल्लव्वा : माजं लिवलंत तवा मला आदी सांगितलं हुतं व्हय, सर? कामाला गेली तवा फाटकातच दुसऱ्या बाईकडनं आयकलं मी. तिला वाचता येतंय, मला येत न्हाय.



राजेसाब : सर, काकूंना मी थांबवू का फाटकात?

सर : नको. पाठवलं.

राजेसाब : आलं माझ्या फोनवर. मल्लव्वा, वाचून दाखवू?

मल्लव्वा : तुमी नगं. सर वाचतील.

सर : "आमच्या आंब्याची साल मी स्वतः काढली. झाड वाळावं म्हणून काढली. मल्लव्वाने पंप धुतला होता. मी खोटं बोललो. वेणीमाधव."

मल्लव्वा : आजून एकदा वाचा, सर.