आंब्याच्या ॲपचं गाऱ्हाणं

बाळांनो, समजा, तुम्ही रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर वेळणेश्वरच्या रांगेत आहात. पुढे लॅपटॉप उघडून राजश्रीताई आणि तिचे बाबा. मागे छोटी करुणा हातात वायरचा इअरफोन धरून त्यांचं बोलणं ऐकते आहे.

"आपोआप होणारी टेस्ट परत फेल, बाबा! आता ऑफिस रजा रद्द करणार, गावची शिमग्याची पालखी चुकली."

"काल पास झालेली ना गो?"

"काल लॅपटॉपला स्पीकर जोडलेला होता. स्पीकरच्या त्या भोकात काही खोचलेलं नसलं की ती फेलच होते."

"पण तुझं ॲप आंब्याच्या पेट्यांचं. त्यात आवाज कसला?"

"ते ऑफिसात कोणालाच ठाऊक नाही."

"मग देवालाच गाऱ्हाणं घालतो. बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाची, ह्या लेकीची टेस्ट पास कर रे!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी रांग गरजली.

करुणाने हळूच आपल्या इअरफोनची पिन लॅपटॉपात खोचली आणि सगळ्यांहून मोठ्याने ओरडली, "व्हय म्हाराजा!"