मावशीची सही

हवाई बेटांवरच्या हिलो गावात, जमीन कचेरीतल्या रांगेत माझ्यापुढे केहाउ आणि तिची फिलोमेना मावशी होत्या. मी पुस्तकात डोकं घातलं होतं. ऐकायला नको होतं बहुधा.

"मावशी, साक्षीदार म्हणून सही कर ना! निम्मं रक्त मूळ हवाईयन असेल तरच सरकारी जमीन मिळते. बाबांकडून माझं पावच भरतं."

"म्हणून माझ्या आईला हवाईयन करतेस? ती पोर्तुगीज होती!"

"पोर्तुगीज शेजाऱ्यांनी तिला मांडीवर घेतलं, वाढवलं. जन्म दिला हवाईयन आईबापांनी. हा बघ दाखला."

"अगं, मी पोर्तुगीज मंडळाची अध्यक्ष आहे! शनिवारी मिरवणुकीत झेंडा मी धरायचाय!"

"धर की! तुझ्यासारखं नाचतं कोण तिथं? पण आजी पूर्ण हवाईयन, म्हणजे तिच्याकडूनही माझं पाव. पाव आणि पाव किती?"

"निम्मं. शिकवू नकोस मला."

"मग?"

"आण ते पेन. घे, केली! आता नाचू नकोस, लोक बघतायत. थांब जरा. माझी आई पूर्ण, तर मी किती?"

"निम्मी!"

"अगं बाई! ओ साहेब, आणखी एक कोरा अर्ज द्या. आणि हिच्या शेजारचाच तुकडा बघा, समुद्र दिसेल असा!"