विमानाची माया

हसू नका, पण मी एकदा विमानाचे कपडे शिवले आहेत. ऊर्जानगरचे रामटेके साहेब क्वार्टरमागे स्वतः विमान बांधत होते. पंखांसाठी त्यांनी कापड अगदी मोजून आणलं होतं. मला शाळेचे युनिफॉर्म शिवायची सवय; पोरं वाढली की उसवून सैल करता यावं, म्हणून शिवणीत आत दोन बोटं जादा कापड, म्हणजे माया, ठेवली. साहेब भडकले, "काऊन रे, विमान वाढनार हाये काय? वजन होते, काप ते!"

मी मान हलवली, पण कात्री काही चालवली नाही.

साहेबांनी पंखावर कापड ताणून घट्ट करणाऱ्या खास रंगाचा पहिला हात दिला. वाळता वाळता कापड इतकं आवळलं, की शिवण तटातट उसवली. साहेब उसवलेली शिवण चाचपू लागले. "आता दुसरं कापड कुठून आणू?"

मी हळूच म्हटलं, "साहेब, विमान वाढलं. आतली माया बाहेर काढू काय?"