शेजारची जागा

तो आवाज होय, माझ्याच पायांचा. बुटांखालच्या स्टडचा. दचकू नका, सगळे पहिल्यांदा दचकतात. काउंटरमागे माणूस उभा, अंगात साधा सदरा-विजार आणि पायात फुटबॉलचे बूट — परवा एक बाई मुलासाठी बॅडमिंटनची फुलं घ्यायला आल्या, वाकून बघितलं आणि विचारतात, भाऊ, मागे मैदान आहे का तुमचं? म्हटलं, आहे वहिनी, पण खेळायला मी एकटाच असतो. बसा, बसा. ते स्टूल नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, हे घ्या. ओळख कशाला सांगता, दर रविवारी बघतो की तुम्हाला टीव्हीवर. टीव्हीवर जरा रुंद दिसता. राग मानू नका, आमच्या धाकट्याला बघूनही समोरचा न्हावी म्हणतो, भावाची तब्येत सुधारली हो. धाकटा सुधारत नाही, टीव्ही सुधारतो त्याला.

बूट न्यायला आलात, माहीत आहे. फोन आला होता त्याचा — दादा, माझ्या शेजारी खेळतो ना, तोच येईल, बूट त्याच्याकडे दे आणि तूही त्याच्याच गाडीत बसून ये. शेवटची मॅच आहे, आता तरी ये. जागा आहे म्हणता गाडीत? तुमच्या शेजारची? बरं बरं. बघू. दुकान सोडून जायचं म्हणजे — दुकान लहान मुलासारखं असतं हो, पाठ फिरली की रडतं. इतक्या वर्षांत एकदाही मैदानावर गेलो नाही त्याला बघायला. प्रत्येक वेळी काहीतरी निघालं. कधी माल यायचा होता, कधी हिची तब्येत, कधी काहीच नव्हतं, तरी निघालं.

पाच मिनिटं थांबावं लागेल, अजून ओले आहेत. हसू नका, सांगतो. आमच्या वडिलांनी आम्हा भावांना घर दिलं नाही, जमीन दिली नाही, पाय दिले. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसते — वडिलांची बसायची, माझी बसते, धाकट्याचीही. पंजा फावड्यासारखा, टाच बाईमाणसाची. असल्या पायाला दुकानातला नवा बूट पहिल्या दिवशी चावणार म्हणजे चावणारच. मग काय करायचं? मोजे गरम पाण्यात बुडवायचे, घट्ट पिळायचे, पायात चढवायचे, वर बूट, आणि वाळेपर्यंत उभं राहायचं. कातडं पायाचं वळण धरतं. ऑफिसात बसणाऱ्याचं काम नाही ते, दुकानदारच पाहिजे, दिवसभर उभा राहणारा. त्याचा आणि माझा पाय एकाच साच्यातला, म्हणून पहिल्या क्लबपासून हे काम माझ्याकडे. मध्ये एका कंपनीचे लोक गेले होते त्याच्याकडे, यंत्रावर पाय ठेवायला लावला, म्हणे आता मापाचे बूट करून देतो. दिले. चकचकीत. पहिल्याच मॅचला फोड आला, आणि दुसऱ्या दिवशी खोकं माझ्या दारात — दादा, जरा घालून दे. जरा. ती एक जोडी सोडली तर त्याने आजवर जेवढे बूट झिजवले ना, त्या प्रत्येकात पहिला पाय माझा गेलाय. पेपरात आलं कधी? कशाला येईल.

चहा घेणार? नको तर नको, खेळाडू लोक, मोजून खाता-पिता. तुम्हाला वाटत असेल, भाऊ आहे, कौतुकाने बोलेल. बोलतो की. गिऱ्हाइकांशी तेवढंच बोलतो. तो फोटो लावलाय भिंतीवर, त्याखाली मोजे ठेवले की मोजे लवकर खपतात. पण तुम्ही काही गिऱ्हाईक नाही, तुम्ही आतले. तुम्हाला म्हणून सांगतो — आम्ही दोघं बचावात मधले होतो. आमच्या गल्लीच्या संघात. तो उजवीकडे, मी डावीकडे, म्हणजे आज तुम्ही असता तिथे. आमच्यात बोलणं लागत नसे. उंच चेंडू आला की मी पुढे जायचं आणि तो मागे सरकून उभा राहायचा. घरात विंचू निघाला की एक भाऊ चप्पल घेऊन जातो आणि दुसरा दिवा धरतो ना, तसं. चप्पल माझी, दिवा त्याचा. ठरवलं नव्हतं कुणी, मी थोरला म्हणून मी गेलो एवढंच. मग एक दिवस कारखान्याच्या संघाचा माणूस आला बघायला, टोपीवाला. समोर त्या दिवशी एक दांडगा होता, मान नाही, डोकं नुसतं खांद्यावर ठेवलेलं. प्रत्येक उंच चेंडूला मी त्याच्या अंगावर. बहुतेक मी काढले. जे निसटले ते मागे धाकट्याने गोळा केले, सावकाश, पाहुण्यांपुढचे कप उचलावेत तसे. मॅच संपली तेव्हा माझं नाक फुटलेलं, गुडघे सोललेले, आणि त्याच्या पँटला माती नाही. टोपीवाल्याने हात कुणाचा धरला? स्वच्छ पोराचा. मला काय म्हणाला — तू मोठा ना? घरी जाऊन आईला सांग. निरोप्या केलं मला. आता तुम्ही खेळातले, तुम्हीच सांगा, धूळ आलीच नसती तर झाडणाऱ्याची हुशारी कुणाला दिसली असती? ती धूळ अंगावर कुणी घेतली?

नाही, तुम्ही नका सांगू. तुम्ही त्याच्याच बाजूने बोलणार.

तर तो गेला कारखान्याच्या संघात आणि मी दुकान टाकलं. कुणी शिकवलं नाही, खोक्यांवरची अक्षरं वाचत शिकलो. माणूस आधी बुटाची किंमत बघतो की तळ बघतो, त्यावरून कळतं तो घेणार की नाही. तुम्ही आल्या आल्या तळ बघितलात. असो. कारखान्यातून त्याला बंदरावरच्या क्लबने उचललं. तिथे त्याच्या शेजारी एक होता, त्याला सगळे शिडी म्हणायचे, इतका उंच. सुट्टीत धाकटा त्याला घरी घेऊन आला. आई केवढी खूश. टेबलाला चारच खुर्च्या, तर आईने शिडीला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणते, तू काय घरचाच, तू आत ओट्याशी जेव. आतून ऐकतोय मी — मिठाची बाटली म्हणजे तू, पेला म्हणजे मी, आणि हा चमचा आला इथून — आणि दोघं हसतायत. काहीतरी झालं होतं कुठल्या तरी मॅचमध्ये, ते त्या दोघांनाच ठाऊक. चमच्यात हसण्यासारखं काय असतं? मी विचारलं, तर धाकटा म्हणाला, दादा, तुला नाही कळायचं, तिथे असावं लागतं. मी तेव्हा त्याचेच बूट घालून ओट्याशी उभा होतो. ओले.

मग मोठा क्लब. नाव सगळ्यांना ठाऊक, मी घेत नाही. पेढीवरचे लोक उठून हात मिळवायला लागले माझ्याशी, तुमचा भाऊ, तुमचा भाऊ. आणि तिथे त्याला पूर्ण सीझन बेंचवर बसवलं. आता सख्ख्या भावाचं वाईट चाललं आणि मला बरं वाटलं, असं कसं म्हणू मी? नाही म्हणत. पण त्या वर्षी धंदा चांगला झाला, हे खरं. मन लागायचं. झोपही लागायची. हिने विचारलं, हल्ली गुणगुणता काय सारखे? बूट मात्र त्या वर्षीही आले. बेंचवर बसायला नवे बूट लागतात काय? मी फोनवर म्हटलं तसं. तो हसला नाही. म्हणाला, दादा, तू घालून पाठवलेस की निदान कुणीतरी त्यातून चाललंय असं वाटतं. मी फोन ठेवला, गिऱ्हाईक आलं होतं. नव्हतं आलं.

त्यानंतर डोंगराकडचं ते थंड गाव, तिथे त्याचं खरं नशीब फळफळलं. कप्तान झाला. तिथेच लोक त्याला कडी म्हणायला लागले — कडी लावली, आता दार उघडायचं नाही. शेजारी तो डावखुरा होता बघा, केस बांधायचा तो. चार सीझन दोघं एकत्र. सगळे म्हणायचे, काय जोडी आहे, जणू भाऊ. जणू. एका मॅचमध्ये त्या डावखुऱ्याला लाल कार्ड मिळालं आणि मी या इथे, या काउंटरमागे टाळी वाजवली. आमची ही आतून बाहेर आली, धाकट्याने गोल केला की काय म्हणून. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, तुम्ही मॅच बघता की सवती मोजता? बायकांची जीभ. पण चुकीचं नव्हती बोलली. खरं सांगू? मी धाकट्याकडे बघतच नाही. त्याच्याकडे काय बघायचं, तो कुठे असेल ते मला डोळे मिटून कळतं. मी त्याच्या शेजारच्याकडे बघतो. शिडीकडे बघितलं, डावखुऱ्याकडे बघितलं, आणि तो तुमच्या क्लबात आल्यापासून दोन वर्षं तुमच्याकडे बघतोय. एकेकाचं बघत बसतो — हा कसा उभा राहतो, कुठे चुकतो, धाकट्याने खांद्यावर हात ठेवला की कसा मान हलवतो. तुम्ही मान हलवत नाही, हसता. ते मला अजिबात आवडत नाही.

बोललो ते बोललो, आता तोंडावरच सांगतो. गेल्या रविवारी काय केलंत तुम्ही? त्यांचा नऊ नंबरवाला आला, चेंडू उंच होता, तुमच्या बाजूचा होता, आणि तुम्ही मागे सरकलात. मग कुणाला जावं लागलं? त्याला. त्या दुखऱ्या गुडघ्याने. उतरताना त्याने पाय कसा टेकला बघितलंत? मी बघितलं. त्या एकाच वेळी मी त्याच्याकडे बघितलं. लोक म्हणाले, वा, काय उडी मारली या वयात. मारावी का लागली, हे नाही कुणी म्हणालं. दिवा धरणाऱ्याला तुम्ही विंचवावर पाठवलंत. आणि या रविवारी हरलात तर क्लब खालच्या गटात जाणार, त्याची शेवटची मॅच, लोक त्याला आयुष्यभर तेवढ्यावरून आठवणार. हे बघ, इकडे बघ, ऊठ जरा. हा काउंटर म्हणजे गोल. तू इथे. या रविवारी समोर येणारा नऊ नंबरवाला पाठ लावून उभा राहतो आणि नेहमी उजव्या खांद्यावरून वळतो, प्रत्येक मॅचला, लिहून घे. चेंडू हवेत असतानाच तू निघायचं. मागे बघायचं नाही. मागे वळून बघितलंस तर उशीर झालाच म्हणून समज. चुकशील, नाक फुटेल, चेंडू डोक्यावरून जाईल — जाऊ दे. तो मागे असतो. तुला दिसणार नाही, ऐकू येणार नाही, पण असतो. मी एकदाही वळून बघितलं नाही आणि एकदाही असं झालं नाही की तो तिथे नव्हता. तेवढं एक सुख — बस. बसा. तुम्ही बसा. मी उगाच एकेरीवर आलो.

वाळले आता. थांबा, नाड्या सोडतो. डाव्याची नाडी करंगळीपाशी सैल ठेवलीय, ओढू नका म्हणावं. त्याला माहीत आहे. गाडीचं काय म्हणत होता तुम्ही? आज निघून उद्या सकाळी पोचू? एखादा सदरा घेतला की झालं माझं, हिला हाक मारतो, दुकानाचं काय, दोन दिवस समोरचा न्हावी बघेल, तो नाहीतरी माझ्याच दारात बसून असतो. निदान त्याला मैदानात उतरताना — काय? ही कसली पिशवी?

हे बूट कुणाचे? तुमचे?

नवे आहेत. आणि हे मी... त्याने सांगितलं? आपणहून? काय म्हणाला नेमका, तसंच सांगा, गाळू नका. दादाकडे दे, तो घालून देईल. असं. इतकं सहज. तुमचेही चावतात म्हणून. आणि माझा पाय कसा बसणार यात, हे नाही सुचलं त्याला? रुंद पंजा असेल तुमचा, करंगळी चढते का तुमची? नाही ना? सरळ आहे. सगळी बोटं आपापल्या जागी. बरोबर आहे.

नाही. नाही जमणार. बोलू नका काही, तुमचा दोष नाही, तुम्ही भले आहात. हे त्याचे घ्या. डावा अजून गरम असेल, कागदात गुंडाळू नका, हवा लागू दे. आणि ही तुमची पिशवी उचला काउंटरवरून. उचला म्हणतो ना. तिकडे इतके लोक आहेत क्लबात, कुणीही उभं राहील ओल्या मोज्यात.

गाडीतली ती जागा राहू दे रिकामी. किंवा त्या जागेवर त्याचे बूट ठेवा. त्याला सांगा, माल यायचा होता. जाताना दाराची पाटी उलटी करा, 'बंद' बाहेर यायला हवं. हो, दिसतंय मला, अजून दुपारही झालेली नाही.