शाल-श्रीफळ आणि सात गाणी

(वाडी, अमरावती रोड. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. दामिनी आणि तिची आई पंचफुला यांची भाड्याची खोली. दुर्गेश दारात उभा.)

दामिनी : आत येऊ नको. काय बोलायचं ते तिथूनच बोल.

दुर्गेश : यार दामिनी, चप्पल काढली मी.

दामिनी : घाल परत. तुह्यं तोंड नाही पाहायचं मले.

पंचफुला : येऊ दे वं त्याले. असं दारात उभं ठेवते का कोनाले? ये गा दुर्गेश. चहा मांडतो.

दामिनी : चहा पाज. शाल दे. नारळ दे. हेच तं आवडते त्याले.

दुर्गेश : काकू, तुम्हीच समजवा हिले. आपल्या नाटकाची सात गाणी रेकॉर्ड करायची म्हणून चार महिने झाले, फंड जमा करून राहिलो. ऑनलाइन मोहीम टाकली. माझ्या मावसबहिणीनं दोनशे दिले, अन् पुण्याच्या कोण्या पोरानं 'लय भारी' लिहिलं. पैसे नाही टाकले त्यानं. म्हणून मग तिकडे बेसा गावातल्या हॉलमध्ये तिकीट लावून प्रयोग केला. तिथं एक माणूस स्वतःहून उभा राहते अन् म्हणते, बाकीचा सगळा खर्च मी करतो. आता अशा माणसाचा सत्कार नाही करायचा?

दामिनी : पंक म्युझिकल आहे ते, दुर्गेश! शिव्या आहेत त्यात. घसा फाटेपर्यंत ओरडतो आपण. अन् मध्येच तू माईक घेऊन सुरू होतो, 'आपल्यामध्ये उपस्थित असलेले थोर समाजसेवक...' थोर? अबे, काही वाटते का तुले?

दुर्गेश : सिस्टम आहे ती. आपल्या इकडे सत्कार झाल्याशिवाय माणूस खिशात हात घालत नाही. मग गणपती असो की गिटार. मी तं एक शाल स्कूटीच्या डिक्कीतच ठेवतो हमेशा.

दामिनी : ऐकलं, आई? हेल्मेट नाही राहत ह्याच्याकडे, शाल राहते.

पंचफुला : चांगली जाड होती शाल.

दामिनी : आई, तू चूप राह्य. मी मागं गिटारीची तार बदलून राहिली होती. बाहेर आली तं काय पाहतो? माह्यी आई स्टेजवर, अन् त्या बाबाराव ठेकेदाराच्या खांद्यावर शाल टाकून राहिली! माह्यी आई! जगात दुसरा कोणताच खांदा नव्हता का?

दुर्गेश : ज्येष्ठ महिला कलाकाराच्या हस्ते म्हटलं तं बरं दिसते, म्हणून बोलावलं. काकूंचा आवाज आहे ना आपल्या गाण्यात. गोदामात ओरडून पोती मोजायच्या, ती मोजणी.

दामिनी : अन् ते गाणं कोणावर आहे?

दुर्गेश : ठेकेदारावर. पण नाटकात तू त्याले नाव कुठं दिलं?

दामिनी : आई नको म्हणे, म्हणून नाही दिलं. धान्याच्या थप्प्यांमध्ये कीड मारायच्या गोळ्या ठेवल्या, वरून ताडपत्री झाकली, की आत विषारी गॅस भरते. आठ दिवस त्या गोदामाचं दार कोणी उघडत नाही. त्यानं तिसऱ्या दिवशी उघडलं. ट्रक खोळंबले होते म्हणे. चार बाया आत ढकलल्या, त्यात आई होती. आईचं खोकणं तेव्हापासूनचं आहे. हिची मोजणी पार रोडवर ऐकू जाये, दुर्गेश. आता बारा पोत्यांपर्यंत जाते अन् आवाज बसते. तुले हे सगळं माहीत आहे.

दुर्गेश : हे माहीत आहे. तो बाबाराव हाच, ते नव्हतं माहीत.

दामिनी : खरं सांग.

दुर्गेश : आईशप्पथ. मले त्याचं कार्ड मिळालं होतं, त्याच्यावर कोणत्या तरी समितीचा अध्यक्ष लिहिलं होतं. मग काकू स्टेजवर आल्या अन् त्याले पाहून थांबल्या. शाल हातातच राहिली त्यांच्या. तेव्हा समजलं मले.

दामिनी : समजलं. मग?

दुर्गेश : मग मी म्हटलं, जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या.

दामिनी : थू.

दुर्गेश : थुंक. थुंकून घे. पण पैशाचं काय करायचं ते सांग.

दामिनी : तुले माहीत आहे मले किळस कायची येते? तो पहिल्या रांगेत बसून 'दार उघड, आत ढकल' वर मांडीवर ताल धरून राहिला होता. वन्स मोअर मागितला त्यानं! अन् भाषणात काय म्हणे? 'अशा नराधम ठेकेदारांना उघडं पाडलंच पाहिजे.' तोंडात पान, अन् म्हणते नराधम! मले वाटे, गाणं ऐकून तो उठून जाईन, भांडन, माणसं पाठवन आपल्याले मारायले. तीन वर्षं मी त्याच्यासाठीच लिहिलं, दुर्गेश. अन् त्याले आवडलं.

दुर्गेश : आवडलं म्हणूनच देऊन राहिला ना! हे पाहा, आज बारा वाजेपर्यंत स्टुडिओले ॲडव्हान्स नाही पोचला तं शनिवारची तारीख गेली. रविवारी आपला बेस गिटारवाला मोहित हैदराबादले नोकरीवर जाते. बेस वाजवणारा दुसरा शोधा, त्याले गाणी शिकवा, म्हणजे सहा महिने गेले. अन् सहा महिन्यांनी काकूंचा आवाज...

दामिनी : बोल ना. थांबला काहून?

पंचफुला : राहीन का नाही राहीन, असंच म्हनून राहिला थो. डॉक्टरही तेच म्हनते. त्याच्यावर काहून वरडतं?

दामिनी : अन् त्याची अट? ती सांग आईले.

दुर्गेश : अट नाही ती, रिक्वेस्ट आहे. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीले त्याचं नाव घ्यायचं. सौजन्य अमुक अमुक. चार सेकंदांचं काम आहे.

दामिनी : पूर्ण सांग.

दुर्गेश : त्या मोजणीवाल्या बाईच्या आवाजात घेतलं तं अजून बहारदार होईन, म्हणे.

पंचफुला : माह्या आवाजात?

दुर्गेश : कोणाच्याही आवाजात चालते, काकू. मी घेतो, माह्याच आवाजात.

पंचफुला : थो वळखत नाही मले.

दामिनी : कोण?

पंचफुला : बाबाराव. अकरा वर्षं त्याच्या गोदामात मोजनी केली मी. रोज सकाळी त्याच्या टेबलापुढं उभी राहून हजेरी द्यायची. काल शाल टाकाले गेली तं त्याच्या अत्तराचा वास आला, इतकी जवळ होती. मले वाटलं, आता याचं तोंड उतरन. थो हासला. म्हने, बाई, काय आवाज आहे तुमचा! कोनत्या गावाहून आल्या?

दुर्गेश : हे मी नाही ऐकलं, काकू.

पंचफुला : तू माईकवर होता गा.

दामिनी : तू काय म्हटलं मग?

पंचफुला : म्हटलं, तुमच्याच गोदामातून आली. पंचफुला. तिसऱ्या दिवशी दार उघडलं होतं, त्यातली.

दामिनी : असं म्हटलं तू? त्याच्या तोंडावर?

पंचफुला : तोंडावरच. पन टाळ्या चालू होत्या ना. त्याले काही ऐकू नाही गेलं. वा वा म्हने, अन् फोटोवाल्याकडे पाह्यलं.

दुर्गेश : चप्पल घालतो मी. बाहेर जाऊन फोन लावतो त्याले. नको म्हणतो पैसे.

दामिनी : थांब जरासा. नको म्हटलं तं काय उरते आपल्याकडे?

दुर्गेश : कालच्या तिकिटांचे पैसे अन् मावसबहिणीचे दोनशे. त्याच्यात दोन तास मिळते स्टुडिओत. एक गाणं, तेही चुका नाही केल्या तं.

दामिनी : सातातलं एक. आईच्या मोजणीचं.

दुर्गेश : हो. तू म्हणशीन तं नाही लावत फोन. गाणी तुह्यी आहेत.

दामिनी : लाव.

पंचफुला : अन् बाकीचे सहा वं? थे टरकवाल्याचं गानं मले आवडे.

दामिनी : मलेही आवडते, आई. सगळ्यांत जास्त तेच आवडते. त्याच्यासाठी रडून घेईन मी शनिवारनंतर. लाव रे फोन. अन् त्याच्याशी गोड नको बोलू. तुले सवय आहे.

दुर्गेश : नाही बोलत गोड.

पंचफुला : दुर्गेश, एक सांग गा. त्या स्टुडिओत मानसं असते का लय?

दुर्गेश : नाही, काकू. काचेच्या मागं एक जण बसते. बाकी आपणच.

पंचफुला : अन् टाळ्या?

दुर्गेश : टाळ्या कुठल्या! तिथं तं श्वास घेतला तरी ऐकू येते.

पंचफुला : मंग मोजनीच्या आधी, काल बाबारावले म्हटलं थे एकदा परत म्हनतो मी.